अठरा दिवसांचा अबोला

यातलं काहीही मी रंगवून सांगत नाही.

रंगवायचंच असतं, तर आधी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं. पुढे वाचाल तेव्हा कळेल, यात सगळ्यात वाईट मीच दिसतो. तरीही सांगतोय. माझ्या ताईवर एक आळ आला. तो खोटा होता, हे जगात फक्त तीन माणसांना माहीत आहे. आणि त्यातल्या एकीला तेव्हा बोलता येत नव्हतं.

अमावस्या वगैरे नव्हती. धड अंधारही नव्हता.

वेळ संध्याकाळची, साडेसहा ते आठ. जागा आमचं घर. तिसरा मजला, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत आईची कॉट.

असे अठरा दिवस.

घरात आम्ही तिघं. आई, ताई आणि मी. आईला त्याआधी दोन महिने अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. पाणी हवं असलं की बोटं ओठाला लावायची, राग आला की त्याच हाताने उशीवर थापट मारायची.

ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या बनवायची. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग पक्की कवळी घडवून घासूनपुसून चकचकीत करायची. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं ताईच्या हातचं हसतात, असं मी तिला चिडवायचो. खुद्द ताईला हसवणं मात्र महाकठीण काम होतं.

घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला मेणाचा वास असायचा. भुवयांवर प्लॅस्टरची भुकटी. दाराबाहेर उभी राहून चपला दोनदा आपटायची, ती पांढरी धूळ झटकायला.

टप. टप.

मग कुलपात किल्ली फिरायची. अकरा वर्षं हाच क्रम. हे टप-टप लक्षात असू द्या.

मी शीतगृहात रात्रपाळीला आहे. तेव्हा आठला घर सोडायचो आणि सकाळी साडेसातला परतायचो. पावणेआठला ताई निघायची. म्हणजे दिवसा आई माझ्याकडे, रात्री ताईकडे. कॉटच्या दांडीला एक वही टांगलेली असायची. गोळी दिली की त्यात खूण करायची. माझी निळ्या पेनाने, ताईची पेन्सिलने. काही निरोप असला तर तोही तिथेच लिहायचा.

मग लॅबला एक मोठं काम आलं. वृद्धांसाठी शिबिर होतं, तीन आठवड्यांत दीडशे कवळ्या हव्या होत्या. ताईने ओव्हरटाइम घेतला. संध्याकाळी सहा ते नऊ. मला न विचारता.

माझं डोकं फिरलं.

"तुला आईपेक्षा लोकांचे दात जास्त झालेत," मी म्हणालो.

आईसमोर म्हणालो.

ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. आणि बोलणं बंद केलं.

मग मीही केलं. मी का म्हणून आधी बोलू? आमच्या घराण्यात इस्टेट म्हणाल तर काही नाही, पण अबोला पिढीजात आहे. बाबा आणि काका एका छत्रीवरून चार वर्षं बोलले नव्हते. छत्री हरवली ती हरवलीच, वर बोलणंही गेलं.

दुसऱ्या दिवशी वहीत ताईची पेन्सिल दिसली. "आजपासून तीन आठवडे मला उशीर. तू सव्वानऊला निघ. मी साडेनऊला पोचते. साडेआठची गोळी तू दे."

मी शीतगृहात सांगून ठेवलं की तीन आठवडे दहाला येईन. साहेबांनी कुरकुर केली, पण मानलं.

त्या संध्याकाळी मी आईला पेज भरवत होतो.

साडेसहा वाजले...

आणि ताई आत आली.

किल्ली फिरल्याचं मला ऐकू आलं नाही. मान वर केली तर ती दारात उभी होती. नेहमीचे कपडे, खांद्याला नेहमीची पिशवी. ती चालत आत आली आणि आईच्या पायथ्याशी असलेल्या खुर्चीत बसली.

मला वाटलं, माझं बोलणं लागलं. हिने ओव्हरटाइम सोडला. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मला बरंच वाटलं. जिंकल्यासारखं.

पण तोंड उघडून विचारलं नाही. अबोला होता ना.

मी चहा केला. तिचा कप तिच्याजवळ स्टुलावर ठेवला. आठला निघताना बघितलं, तर कप तसाच. वर जाड साय.

माझ्या हातचा चहासुद्धा नको? मग बस तशीच, असं मनात म्हणून मी आवरायला लागलो.

निघताना आईने माझी बाही धरली.

डाव्या हाताने. घट्ट. मला वाटलं, आमचं भांडण तिला सहन होत नाहीये, मिटव म्हणतेय. "मिटेल गं," असं म्हणून मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. आणि कामावर गेलो.

हे मी अठरा वेळा केलं.

ती रोज यायची. बरोबर साडेसहाला. खुर्चीत बसायची, आईकडे बघत. चहा प्यायची नाही. नळ सोडायची नाही. मोबाईल काढायची नाही. मी आत-बाहेर करायचो, तर तिची मान माझ्याबरोबर हळूच फिरायची...

मला वाटायचं, हिला मी काहीतरी बोलायला हवंय. मग मी मुद्दामच बोलायचो नाही.

तिच्या भुवया स्वच्छ असायच्या. मेणाचा वास नव्हता. टप-टप नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं, समजत होतं, आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. रागात आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. रविवारी ताई घरी असायची, तेव्हा तिचा अबोला चांगलाच आवाजी असायचा. भांडी आपटायची, कपाटाचं दार धाडकन लावायची, मी खोलीत आलो की मोठ्याने उसासा टाकायची. आईशी मात्र लाडाने बोलायची. सोमवार ते शनिवार तोच अबोला बिनआवाजी असायचा.

आणि रविवारी आई माझी बाही धरायची नाही.

वहीत साडेआठच्या गोळीपुढे खूण असायची. पण ती ना शाईची, ना पेन्सिलची. नुसता कागदावर दाबलेला खड्डा. मला वाटलं, मेण कोरायच्या सुरीने करते की काय. तिचं सामान पिशवीत असायचंच.

तीन आठवडे संपले. सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास मी गाढ झोपेत होतो. फोन वाजला.

"मी लॅबमधून बोलतोय. तुमच्या बहिणीबद्दल जरा विचारायचं होतं. संध्याकाळी त्या घरी किती वाजता येतात?"

लॅबच्या मालकांचा आवाज होता. मी अर्धवट झोपेत. मला वाटलं, तिच्या कामाची, वागण्याची चौकशी चाललीये. आणि तीन आठवडे ज्या बहिणीशी मी एक शब्द बोललो नव्हतो, तिच्याबद्दल मला एकाएकी भरून आलं. म्हटलं, निदान परक्यापाशी तरी चांगलं बोलावं.

"साडेसहाला," मी म्हणालो. "एक दिवस चुकत नाही, साहेब. तिच्यावरून घड्याळ लावून घ्यावं. आईसाठी धावत येते हो ती."



मग मालक म्हणाले, "आभारी आहे. फोन स्पीकरवर होता. तुमच्या बहिणीने ऐकलंय."

दीड वाजता बाहेर आवाज आला.

टप. टप.

तीन आठवड्यांत कामाच्या दिवशी पहिल्यांदा.

ताई दारात उभी होती. भुवया पांढऱ्या. डोळे लाल. तिने अबोला सोडला.

"झालं समाधान?"

"काय झालं?"

"नोकरी गेली. खोटा ओव्हरटाइम लावला म्हणून. चोपन्न तास. गेटवरच्या वहीत मी रोज सहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद आहे म्हणे. मी ओरडून सांगत होते, साहेब, मी वर एकटीच काम करत होते, माझ्या भावाला विचारा. मीच नंबर दिला तुझा! म्हटलं, कितीही भांडला तरी भाऊ आहे, खरं सांगेल."

"ताई, मी खरंच सांगितलं."

"खरं? मी रोज साडेनऊला घरात पाऊल टाकत होते!"

"तू साडेसहाला येत होतीस. त्या खुर्चीत बसत होतीस. म्हणून तर मी आठला निघत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता थोबाडीत देते.

"तू... आठला निघत होतास?"

"हो."

"म्हणजे आठ ते साडेनऊ आईजवळ कोण होतं?"

आम्ही दोघांनी एकदमच आईकडे बघितलं.

आई रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी. डावा हात गादीच्या कडेवर आपटत होती. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा तिथेच.

ताईने गादी उचलली.

खाली गोळ्या होत्या. साडेआठच्या. ओल्या होऊन सुकलेल्या, पिवळट, एकमेकींना चिकटलेल्या. तोंडात घेऊन, गिळल्याचं दाखवून, मग हळूच काढून लपवलेल्या.

ताईने एकेक सुटी करत मोजल्या.

"अठरा," ती म्हणाली. मग खाली बसली. "बारक्या, माझा ओव्हरटाइम अठरा दिवसांचा होता."

रविवारच्या गोळ्या ताईने स्वतः दिल्या होत्या. त्या आईने गिळल्या होत्या.

आमच्या आईने लेकीच्या हातची गोळी कधी नाकारली नसती. ती कोणाच्या हातची नाकारत होती, ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला सांगत होती. बाही धरून सांगत होती.



नंतर ताईने सांगितलं, ओव्हरटाइमचे ते तास तिला रजेत बदलून मिळणार होते. एक अख्खा आठवडा. आईला शेजारच्या शहरातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं होतं. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणून बोलली नव्हती. आणि मी लोकांच्या दातांवरून बोलून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो. मालक वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहेब, मी फोनवर खोटं बोललो," मी म्हणालो. "आमचं भांडण होतं. राग काढला."

त्यांनी गेटवरची वही माझ्यापुढे सरकवली. अठरा ओळी. प्रत्येक ओळीत ताईचं नाव आणि सहा वाजून पाच मिनिटं.

"ही पण तुमच्या भांडणात आहे का?"

मी म्हणालो, "त्या दीडशे कवळ्या कोणी केल्या मग?"

"दिवसा केल्या असतील. त्यांचा हात वेगवान आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय."

ताई अकरा वर्षं तिथे होती. तिच्या हाताचं कौतुक झालं ते असं, तिला काढताना.

मला काय सांगता येणार होतं? साहेब, ती इथेही होती आणि घरीही? खिशात त्या अठरा गोळ्या कागदात बांधून नेल्या होत्या. बाहेर काढायचं धाडस झालं नाही. वेड्यात काढलं असतं, आणि ताईच्या नावाला खोटेपणाबरोबर घरचं वेडही लागलं असतं.

खाली गेटवर वॉचमन काका होते. दिवसपाळी त्यांची, आठला मोठं गेट लावून ते जातात. त्यानंतर बाहेर पडायला मागचं छोटं दार आहे. ते आपोआप बंद होतं, तिथे नोंद होत नाही. ताई तिथूनच जायची.

"काका, तुम्ही ताईला जाताना नक्की बघितलं होतं?"

"बघितलं म्हणजे काय? या डोळ्यांनी. वेळही मीच लिहिली." ते थोडे घुटमळले. "पण एक सांगू का? त्या अकरा वर्षं जाताना 'येते काका' म्हणायच्या. न चुकता. त्या तीन आठवड्यांत एकदाही नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावल्यात. मग मीपण नाही बोललो."

 मी गेटला टेकून उभा राहिलो. त्यांनी स्टूल पुढे केलं.

ताईला दुसऱ्या कुठल्या लॅबने घेतलं नाही. चौकशीचा फोन जुन्या लॅबमध्ये गेला की विषय संपायचा. आता ती एका चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. हातातलं कौशल्य असं वाया चाललेलं बघून माझा जीव तुटतो. ती मला दोष देत नाही. एकदाच म्हणाली, "तू बघितलं तेच सांगितलंस. मीही तेच केलं असतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आम्ही ते घर सोडलं. खुर्ची तिथेच ठेवून आलो.

नव्या घरात एक नियम केला. अबोला बंद. भांडायचं तर तोंडाने भांडायचं. आणि संध्याकाळी ताईची चाहूल लागली की मी आतून विचारायचं, "ताई?" ती म्हणणार, "मीच रे बारक्या." मगच कडी काढायची. आतून कडी लावतो आम्ही आता, दिवसासुद्धा.

आणि माझ्या मनात एकच बोचणी होती. त्या अठरा दिवसांत मी एकदा, फक्त एकदा, आधी बोललो असतो तर? 'ताई, चहा घे,' एवढं जरी म्हणालो असतो, तरी उत्तर आलं नसतं, मला संशय आला असता, आई सुटली असती. ताईची नोकरी वाचली असती. माझा ताठा नडला, असं मी रोज स्वतःला बजावत होतो.

मग मागच्या महिन्यात आई बोलायला लागली.

एकेक शब्द. जड, तुटक. वाचा शिकवणाऱ्या बाई आता घरी येतात. आई 'पाणी' म्हणाली, 'बस' म्हणाली, तेव्हा आम्ही दोघं लहान पोरांसारखे रडलो.

एका दुपारी ताई दुकानात होती. मी आईचं डोकं चेपत होतो. ते विचारायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण राहवलं नाही.

"आई, ती... काही करायची का गं तुला?"

आईने मान हलवली. नाही.

"नुसती बसायची?"

 आईचे ओठ जुळवाजुळव करत होते.

"बोल... बोलायची."

माझा हात थांबला.

"माझ्यासमोर तर एक शब्द नाही."

"तू... गेल्यावर."

"काय बोलायची?"

आईने माझी बाही धरली. तशीच. डाव्या हाताने.

"विचा... विचारायची. रोज." तिला धाप लागली. "म्हणायची... हा... माझ्याशी... कधी बोलेल?"

बस. एवढंच. पुढे आईने तोंड भिंतीकडे केलं. मी पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे ती वाट बघत होती. अठरा दिवस, त्या खुर्चीत बसून, माझ्या पहिल्या शब्दाची. मी बोललो असतो तर काय झालं असतं, मला माहीत नाही. माझ्या ताठ्याने घात केला की त्या ताठ्यानेच आम्ही वाचलो, हेही आता माहीत नाही.

त्या दिवसापासून आम्ही नियम बदललाय. मी आधी बोलायचं नाही. ताईने बाहेरून बोलायचं. ती चपला आपटते, मग मोठ्याने म्हणते, "बारक्या, मी आलेय." शेजारी हसतात. हसू देत.

काल सकाळी ताईचं आणि माझं जरा वाजलं. गॅसवर दूध उतू गेलं, इतकीच गोष्ट. ती फणकाऱ्याने निघून गेली.

संध्याकाळी साडेसहा वाजले...

टप-टप झालं नाही.

पण दाराखालच्या फटीतून येणारा जिन्यातला उजेड मधेच अडला. बाहेर कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

मी दाराशी गेलो. वाट बघितली. बाहेरून आवाज नाही. ताई रागात असेल, मुद्दाम बोलत नसेल, असं वाटलं. जिभेवर शब्द आला होता. ताई, सॉरी गं. एवढाच.

मागे वळून बघितलं. आई कॉटवरून माझ्याकडे बघत होती. डावा हात पुढे केलेला, बोटं हवेत आवळत होती. बाही धरायला.

मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो.

किती वेळ ते सांगता येणार नाही. मग फटीतला उजेड पुन्हा सलग झाला. पावलं वाजली नाहीत.

सातला खालून जिन्यावर धपधप ऐकू आली. टप. टप. "बारक्या, मी आलेय. बस चुकली रे. सकाळचं सोडून दे."

मी कडी काढली. ताईच होती. हातात आईसाठी औषध. तिने विचारलं, "असा घामाघूम का झालास?"

मी मान हलवली, काही नाही म्हणून. तिला मिठी मारली.

ती हसली. ताई... चक्क हसली. मग आईच्या पायथ्याशी जाऊन बसली.

आईने तिच्या हातून गोळी घेतली. मी समोर उभा राहून बघितलं. गिळली. मी आईचं तोंड उघडायला लावलं, जीभ उचलायला लावली.

ताई म्हणाली, "अरे, हे काय चाललंय? बोल ना काहीतरी."

काल रात्री मी कामावर गेलो नाही. हे लिहितोय तेव्हा सकाळचे सात वाजलेत. ताई आत आंघोळीला गेलीये, नळाचा आवाज येतोय. चांगली खूण आहे, असं मी स्वतःला समजावतोय.

पण कालपासून मी अजून एकही शब्द बोललेलो नाही.